कपाटामागची वायर

“हाय... हाय... हाय...”

दाजी सोप्यातून ओरडत होते आणि मी मधल्या खोलीत भिंतीकडेनं उकिडवा सरकत होतो. कॉम्प्युटरची वायर चिमटीत धरायची, वाकवायची, दाबायची, आणि सोप्यातल्या मोडेमवरचा हिरवा दिवा जातो का राहतो ते दाजींनी ओरडून सांगायचं, असा आमचा सकाळपासून खेळ चालला होता. दिवा इमानदारीनं जळत होता. हीच तर पंचाईत होती. आमच्या दुरुस्तीच्या धंद्यात साफ बंद पडलेली वस्तू परवडते. मधेच बंद पडून पुन्हा शहाण्यासारखी चालू होणारी वस्तू म्हणजे डोक्याला ताप.

“पावनं, डोळं दुखाय लागलं बघून बघून.”

“अजून थोडं बघा दाजी. नुसता लुकलुकला तरी सांगा.”

“बघतोय की. हाय... हाय...”

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, राजश्री आक्काचे यजमान, नाव उत्तम. आजऱ्यात एका दूध संघात कारकून. गावाबाहेर रस्त्याकडेला त्यांच्या एका रेषेत तीन खोल्या होत्या. पुढं सोपा, मधे आक्काची खोली, मागं दाजींच्या टेबलाची खोली, आणि स्वयंपाक बाजूच्या पडवीत. फोनची लाइन सोप्यात यायची म्हणून मोडेम सोप्यात होता आणि कॉम्प्युटर मागच्या खोलीत. दोघांना जोडणारी वायर मधल्या खोलीतून, आक्काच्या लोखंडी कपाटाला खेटून गेली होती. ते कपाट आमच्या वडिलांनी तिला लग्नात आंदण दिलेलं.

आक्का जाऊन वर्ष उलटलं होतं. कावीळ झाली आणि उलटली. आणि त्या शुक्रवारी मी तिच्या घरी आलो होतो तो दाजींचं दुसरं लग्न जमावं म्हणून.

तसं मला तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं. दाजींनी फोनवर एवढंच सांगितलं होतं की मस्कतला व्हिडिओवर बोलायचंय आणि लाइन मधेच तुटते, तेवढं बघून जावा. पण न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हतो. मुलगी गारगोटीची होती, वैजयंता नाव. वडील नाहीत. भाऊ मस्कतला वेल्डर आणि घरात त्याचा शब्द शेवटचा. त्याला रजा मिळेना, म्हणून घर आणि माणसं त्यानं व्हिडिओवरच बघायची ठरवली. तिकडं सुट्टी शुक्रवारी, म्हणून शुक्रवारचा दिवस. दोन शुक्रवार बोलणं झालं आणि दोन्ही वेळा ऐन वेळी फोन तुटला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथं नवरीचं नाक सरळ होतं, विघ्नही एकच होतं, पण ते दर वेळी नेमक्या एकाच जागी यायचं. शेवटी भावानं निरोप धाडला की ह्या शुक्रवारी शेवटचा फोन करतो, तोही तुटला तर योग नाही असं समजू.

“तुझ्या बहिणीच्या जागी बाई आणायला तूच वायर जोडून ये हां,” निघताना आमची आई म्हणाली होती. खोटं कशाला सांगू, फोन दोनदा तुटला हे ऐकून मला बरंच वाटलं होतं. आलो ते दाजींना नाही म्हणता येईना म्हणून, आणि पूर्वासाठी. पूर्वा म्हणजे आक्काची मुलगी, नुकती पहिलीत गेलेली.

माझा लॅपटॉप थेट मोडेमला लावून बघितला, चाललं. वायरीची दोन्ही टोकं तपासायच्या यंत्राला लावली, आठही तारांचे दिवे ओळीनं लागले. कॉम्प्युटरच्या मागची खाच फुंकून, पुसून बघितली. सगळं ठणठणीत. नवी वायर माझ्या पिशवीत होती, पण दोष सापडल्याशिवाय वायर बदलणं मला जमत नाही. उद्या पुन्हा तुटलं तर शिव्या मलाच. मी सोप्यात येऊन बसलो.

“दाजी, तुटतं तेव्हा नेमकं काय चाललेलं असतं?”

दाजींनी दिव्यावरची नजर काढली. “सांगाय बरं वाटत न्हाई.”

“सांगा तर.”

“त्यो भाऊ इचारतो, मग म्होरलं बोलायचं का म्हनून. तारीख, देणंघेणं. आनि आमी हो म्हनायच्या आत फटकन जातंय बगा. पयल्या शुक्करवारी तेच, मागल्या शुक्करवारी तेच.” त्यांनी आवाज खाली आणला. “गावात काय बोलायलेत ठावं हाय? पयलीला पसंत न्हाई म्हनत्यात.”

“आणि तुम्ही काय म्हणता?”

“मी काय म्हननार? पन झोप लागत न्हाई, पावनं.”

“त्या वेळी कोण कुठं असतं?”

“मी कॉम्प्युटरम्होरं. म्हातारी माज्या शेजारी. पूर्वाला शेजारच्यांच्यात धाडलेली असती.”

“आणि कुणी उठत नाही?”

“म्हातारी उठती. दोन्ही येळंला उठली. दमा जरा, आलेच, म्हनाली. तान लागली असंल.”

म्हातारी म्हणजे दाजींची आई. आक्का तिला आत्ती म्हणायची म्हणून मीही आत्तीच म्हणायचो. पाणी पडवीत होतं आणि पडवीला जायला मागच्या खोलीतूनच दार होतं. पाणी प्यायला मधल्या खोलीत यायचं काही कारण नव्हतं. मी विचारलं, “पण त्या गेल्या कुठं? पडवीत?”

“न्हाई,” दाजी म्हणाले. “हिकडं. मधल्या खोलीत.”

मधल्या खोलीत एक कॉट, एक कपाट आणि भिंतीवर आक्काचा फोटो. कपाटाला कुलूप. वायर त्याच्या बिजागरीच्या अंगानं, भिंत आणि कपाट यांच्या फटीतून वर चढलेली. मी सकाळपासून कपाटाच्या अलीकडची आणि पलीकडची वायर दाबून बघत होतो, ती एवढीशी फट तेवढी राहिली होती.

आत्ती पडवीत तांदूळ निवडत होती. डोळ्यांनी नाही, बोटांनी. खडा बोटाला लागला की उचलून बाजूला टाकायची.

“आत्ती, कपाटाची किल्ली द्या जरा.”

“कशाला?”

“मागनं वायर गेलीय. दार उघडून बघायचंय.”

“वायर भाईरनं गेली हाय. आत काय हाय तुजं?”

आवाज असा आला की मी दचकलो. आत्ती माझ्याशी असं कधी बोलत नसे. मी म्हणालो, “माझ्याच बहिणीचं कपाट आहे, आत्ती.”

तिनं सूप खाली ठेवलं. मग भिंतीचा आधार घेत उठली आणि माझ्यापुढं चालायला लागली. किल्ली तिच्या कमरेला होती. कुलूप तिनं चाचपून उघडलं, मूठ फिरवली आणि दार भिंतीपर्यंत सताड उघडलं. आक्काच्या साड्यांचा वास आला. डांबरगोळ्यांचा आणि तिच्या पावडरीचा, दोन्ही मिसळून.

“गेला!” सोप्यातून दाजी ओरडले. “पावनं, गेला! दिवा गेला!”

मी खाली वाकून बघितलं. दाराची कड बिजागरीच्या बाजूनं मागं फिरून वायरीवर बसली होती, आणि तिथं वायर चपटी झाली होती. आतली तार कधीच तुटलेली असणार. दार दाबलं की दोन टोकं वेगळी व्हायची, दार मिटलं की पुन्हा एकमेकांना टेकायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी इतका खूश झालो की तोंड उघडलंसुद्धा. पण आत्तीनं माझं मनगट धरलं होतं. हात गार पडला होता तिचा.

“ऐकलंस?” ती म्हणाली. “आली.”

“कोण आली?”

“कोन म्हंजे? जिचं कपाट हाय ती.”

ती कॉटच्या कडेवर बसली. माझं मनगट तिनं सोडलं नव्हतं, म्हणून मीही तिच्याशेजारी बसलो.

“रक्षाइसर्जनाला तू हुतास न्हवं?”

होतो. आक्काला अग्नी दिल्यावर तिसऱ्या दिवशी राख सावडायला सगळे गेलो होतो. तिच्या आवडीचं सगळं पानावर मांडलं होतं आणि कावळा शिवेना. नांद्रुकीच्या झाडावर चार-पाच कावळे बसले होते, माना वाकड्या करून बघत होते, पण खाली उतरेनात. दाजींनी पुढं होऊन सांगितलं की पोरीला अंतर देणार नाही. आमच्या आईनं काय काय सांगितलं. माझे वडील तर चपला काढून हात जोडून उभे राहिले. ऊन चढलं तरी कावळा ढिम्म. शेवटी आत्ती पुढं गेली, पदर तोंडावर ओढून काहीतरी पुटपुटली, आणि सगळ्यांसमोर कावळा उतरून पानाला शिवला. ती काय म्हणाली ते कुणी विचारलं नाही. असलं विचारायचं नसतं.

“तवा मी तिला सबुद दिला,” आत्ती म्हणाली. “म्हटलं, राजश्री, तुज्या जागी कुनी यायची झाली तर तुला इचारल्याबिगर आनायची न्हाई. असं म्हटलं आनि कावळा उतरला. मग आता इचाराय नगं?”

“म्हणून तुम्ही उठून इथं येता?”

“मग कुटं जाऊ? तिचं हितंच हाय सगळं. त्यो मस्कतवाला म्हनतो, बोलूया का म्होरलं. मी हितं येऊन कपाट उघाडती, तिच्या साडीवर हात ठेवती, इचारती. पोरीला आई आनू का गं? आनि तिकडं फोन तुटतो. दोनदा इचारलं, दोनदा न्हाई म्हनाली. आज तिसऱ्यांदा. आज न्हाई म्हनाली तर इषय बंद. उत्तमला मी सांगून टाकनार.”

“आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतं, आत्ती?”

“मला?” ती हसली, पण ते हसू नव्हतं. “माज्या डोळ्यांत मोती. अंगात साखर. परवा पोरीला न्हाऊ घालताना गार इसाण घालायचंच इसरले, तसंच कडत पानी वतलं. हातावर फोड आला तिच्या. आनि पोरगी रडली बी न्हाई रं, मला वाईट वाटंल म्हनून. मी डोळं झाकायच्या आदी कुनीतरी या घरात यावं, एवढंच वाटतंय बग मला.”

“मग आत्ती, ही वायर आहे ना...”

“थांब की जरा. माजं आईक.” तिनं माझं मनगट हलवलं. “न्हाई म्हनती ह्येचं मला दुखत न्हाई. बोलती तर खरं. वरीस झालं, सपनात सुदिक आली न्हाई माज्या. मी म्हनायची, काय चुकलं गं माजं? आता बोलाय लागली. आता तुज्यासमूर बी बोलली.”

आणि मग तिचं तोंड उजळलं. आक्का गेल्यापासून मी तिला तशी बघितली नव्हती. दार वायरीवर बसतं, हे तीन शब्द माझ्या जिभेवर तयार होते. ते तिथंच राहिले.

तिनं उठून साड्यांवरून हात फिरवला, दार लावलं, कुलूप घातलं.

“आला!” दाजी ओरडले. “आला परत!”

आत्ती तांदूळ निवडायला गेली आणि मी कॉटवर तसाच बसलो. आता सगळं माझ्यासमोर उघडं पडलं होतं. वायर आहे तिथं राहू दिली, तर दुपारी ती कपाट उघडून विचारणार, फोन तुटणार, आणि आक्का तिसऱ्यांदा नाही म्हणणार. वायर हलवली, तर फोन तुटणार नाही, आणि आक्का हो म्हणाली असं होणार. माझ्या बहिणीचं उत्तर माझ्या पिशवीत होतं, पकड आणि स्क्रूड्रायव्हरच्या जोडीला. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात तशी गत झाली माझी.

दाजी दारात येऊन उभे राहिले. “सापडलं?”

“सापडलं. वायर आतून तुटलीय.”

“मग बसवा की नवी.” ते हलले नाहीत. चौकट धरून आक्काच्या फोटोकडं बघत म्हणाले, “पावनं, ती काय म्हनाली असती वो?”

“काय माहीत,” मी म्हणालो.

मला माहीत होतं. दवाखान्यात तिच्या उशाशी मीच बसायचो. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, तरी जिभेला धार होती. एकदा दाजी औषधं आणायला खाली गेले तेव्हा ती मला म्हणाली, “मी मेले की तुम्ही सगळे मिळून ह्यांचं लगीन लावून द्याल, होय रे धन्या? लावा तर खरं. मानगुटीवर बसेन एकेकाच्या.” आणि खळखळून हसली. मीही हसलो. ती तशीच होती. लहानपणी तिच्या कंगव्याला हात लावला तरी दिवसभर अबोला धरायची. ती थट्टा होती का, हे मी तेव्हाही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिला शुद्धच राहिली नाही.

सकाळची शाळा सुटल्यावर पूर्वा आली. दप्तर टाकून माझ्या पाठीवर पडली आणि गळ्याभोवती हात टाकले. उजव्या हाताच्या पालथ्या बाजूला फोडाचा डाग होता, नवी कातडी धरत होती.

“मामा, आज फोन लागंल का?”

“लागावा असं वाटतं तुला?”

तिनं जरा विचार केला. “लागला तर मग आज्जीला रोज दुपारी झोपता येईल.”

मी उठून पिशवी उघडली. नवी वायर कपाटापासून लांब, चौकटीच्या वरून नेली. खिळे ठोकले, दोन्ही टोकांना नवे प्लग दाबले, जुनी वायर उपसून काढली. आक्काच्या फोटोकडं पाठ करून काम केलं. शेवटच्या खिळ्याला हातोडी बोटावर बसली आणि नख काळं पडलं. मानगुटीवर बसायच्या आधी बोटावर बसलीस होय, असं मनात म्हणालोसुद्धा, पण हसू आलं नाही.

दुपारी मस्कतचा फोन लागला. पूर्वाला शेजारी पाठवलं. दाजी आणि आत्ती मागच्या खोलीत कॉम्प्युटरपुढं बसले. मी सोप्यात, मोडेमसमोर. वैजयंताच्या भावाचा आवाज मधल्या खोलीतून माझ्यापर्यंत येत होता. पाऊसपाण्याचं बोलणं झालं, ऊस-काजूचं झालं. मग तो म्हणाला, “मग मावशी, म्होरलं बोलायचं न्हवं?”

“दमा,” आत्ती म्हणाली. “आलेच.”

पावलं मधल्या खोलीत आली. किल्ली वाजली. मूठ फिरली, दार करकरलं. मी हिरव्या दिव्याकडं बघत होतो. तो जळत होता. जळणारच, मीच तशी सोय केली होती. आणि तरी सांगतो, मी मनात म्हणत होतो, जा. एकदा जा, आक्का. मी वायर काढली, पण तू खरोखर इथं असशील तर तुला वायर कशाला पाहिजे? दिवा हलला नाही.

“राजश्री,” आत ती हळू म्हणाली. मग जरा मोठ्यानं, “राजश्री, ऐकतीस न्हवं?”

मागच्या खोलीतून भाऊ विचारत होता, “आवाज येतोय का माझा? ऐकू येतंय का?” आणि दाजी म्हणत होते, “येतोय, येतोय. काय न्हाई, म्हातारी येतीया.”

“अगं, न्हाई म्हन,” आत्ती म्हणाली. “न्हाई तर न्हाई. पन काय तरी बोल.”

मग कितीतरी वेळ काहीच ऐकू आलं नाही. शेवटी दार मिटल्याचा आवाज आला, कुलूप लागलं. पावलं मागं गेली.

“धरा तारीख,” आत्ती म्हणाली.

संध्याकाळी निघताना मी पडवीत पाया पडायला गेलो. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ठेवूनच राहिली.

“काय म्हणाली आक्का?” मी विचारलं. न विचारता जाणं मला जमलं नाही.

“कायबी न्हाई. बोललीच न्हाई आज.”

“नाही म्हणाली नाही, म्हणजे हो म्हणालीच की.”

“हो म्हनली असती तर मला कळलं असतं.” तिनं हात काढून घेतला. “गेली ती. लगीन ठरलं आनि गेली.”

लग्न देवळात झालं, मोजक्या माणसांत. आमची आई आली नाही, मी गेलो. वैजयंतानं आक्काचा चांदीचा टाक गळ्यात घातला. आमच्याकडं दुसरेपणावर आलेल्या बायकोनं पहिलीचा टाक घालायचा असतो, म्हणजे पहिलीचा मान राहतो आणि तिचा त्रास होत नाही. वैजयंता बोलायला कमी, पण हाताला मऊ होती. पूर्वाच्या वेण्या कधी वाकड्या दिसल्या नाहीत. पूर्वा तिला माई म्हणायला लागली. जे व्हावं म्हणून मी खिळे ठोकले होते ते सगळं झालं.

आणि मग दाजींचा फोन आला.

“म्हातारी जेवंना झाली, पावनं. डाक्टर म्हनतो, कायबी न्हाई तिला.”

“मग?”

“रोज सांजंला कपाट उघडून उभी राहती. आनि पूर्वाला सोप्यात बसवती. तुमी वायर बघत हुता तवा मी ओरडत हुतो न्हवं, हाय, गेला, तसं. आतनं इचारती, पूर्वा, दिवा हाय का गेला? पोरगी म्हनती, हाय आज्जी. मग कपाट लावती आनि अशीच उपाशी झोपती. रोज. वैजयंता लई समजूत काढती, पन... ह्ये काय खूळ शिरलंय तिच्यात, तुमास्नी काय ठावं हाय का?”

“येतो मी,” म्हणालो.

रात्रभर विचार केला. खरं सांगितलं तर आक्का कधीच बोलली नव्हती हेही सांगावं लागलं असतं, आणि ते त्या म्हातारीला मारण्यासारखं होतं. मग मी वायरीचा एक तुकडा घेतला, त्यातली एक तार मधोमध तोडली, वरचं कातडं तसंच ठेवलं. दाबली की वेगळी व्हावी, सोडली की टेकावी, अशी. दहादा करून बघितलं. जन्मभर लोकांच्या घरचे दोष काढत आलो, त्या दिवशी पहिल्यांदाच एक दोष बसवायला निघालो होतो. दार उघडलं की दिवा जाईल, ती चार घास खाईल, एवढाच हिशेब.

पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पडवीतून वैजयंताचा भाकरी थापल्याचा आवाज येत होता. पूर्वा सोप्यात पालथी पडून पाढे लिहीत होती. मोडेम तिच्या डोक्यावर फळीवर. मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो. आत्तीचं आटपेपर्यंत थांबायचं, मग वायर दुरुस्त करतोय म्हणून कामाला लागायचं, असं ठरवलं होतं.

आत कुलूप निघालं. दार करकरलं.

“राजश्री, हायस का?” आत्तीचा आवाज फार बारीक झाला होता. मग तिनं हाक मारली, “पूर्वा, दिवा हाय का गेला गं?”

“गेला, आज्जी,” पूर्वा म्हणाली.

मी वर बघितलं. दिवा हिरवागार जळत होता, पापणीसुद्धा हलली नव्हती त्याची. पूर्वानं वहीतून मान वर केली नव्हती.

“अगं, आहे की,” मी हळूच म्हणालो. “नीट बघ.”

“दिव्याकडं कशाला बघायचं, मामा?” तिनं पेन्सिलीला टोक आहे का बघितलं आणि पुढचा आकडा लिहिला. “आई आत आलीय की.”

ती माझी समजूत घालत नव्हती. पाढा सांगावा तशी सांगत होती. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो, आणि माझ्या हाताखाली पिशवीचा बंद तसाच बांधलेला राहिला. पडवीतला भाकरीचा आवाज थांबला होता.

आत आत्ती बोलत होती. पोरीचा दात पडला, नवा यायलाय. वैजयंता चांगली हाय बग, तू उगंच रागावलीस. मधेच थांबायची, समोरचा बोलतो तेवढा वेळ. पुन्हा बोलायची, पुन्हा थांबायची. एकदा बराच वेळ थांबली, आणि मग मोठ्यानं हसली.